मडक्यातल्या माश्यांची लेकरं

एकदा काय झालं, कारवीच्या डोंगराखाली एका छोट्या घरात राही आणि तिची आई राहायच्या. घराच्या भिंतीत एक मडकं आडवं बसवलेलं होतं. त्यात मधमाश्या राहायच्या. राही रोज त्यांच्यापुढे पाण्याची पणती ठेवायची. माश्या तिच्या केसांवर टेकायच्या, पण डसायच्या नाहीत, बरं का!

मग आई आजारी पडली. असा खोकला, असा खोकला, की तिचा आवाजच गेला. तीन दिवस तोंडातून शब्द नाही.

शेजारचा भिवामामा म्हणाला, "मध चाटव की तिला! मडक्यातली पोळी काढ, फडक्यात घाल आणि पीळ. आपल्यात असंच काढतात."

राहीनं मडक्याचं झाकण उघडलं. पहिलं पोळं हातात घेतलं. तर आतून बारीक आवाज आला, "वरचा मध ने गं बाई. खाली आमची लेकरं निजलीत."

राही पाहते तर खरंच! वर मध, आणि खाली एकेका खणात एकेक इवलंसं पांढरं बाळ.

मामा हसला. "अगं, माशीच्या पोरांना कोण विचारतं? पीळ!"

"मामा, पाळणा कुणी पिळतं का रे?"

मग तिनं वरचा मधाचा तुकडा तेवढा कापला. खालचा भाग केळीच्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या सुकल्या सालीनं, बांधून परत मडक्यात टांगला. दुसऱ्या पोळ्याचं तसंच केलं. तिसऱ्याचंही तसंच. मध निघाला किती? वाटीच्या तळाला, तीन चमचे!

"एवढ्यानं काय व्हायचंय?" मामा म्हणाला. राहीलाही रडू आलं. तरी तिनं मडक्यापुढे हात जोडले. संध्याकाळपर्यंत आईला चाटवून वाटी रिकामी झाली.

मग सकाळी काय पाहते! वाटीच्या काठावर माश्याच माश्या. एकेक येते, थेंब ठेवते, उडून जाते. वाटी भरली! दुसऱ्या सकाळी तसंच. तिसऱ्या सकाळीही तसंच.

मामा बघतच राहिला. "जन्मभर त्यांचं ओरबाडून नेलं मी. आणि या आपणहून आणून देतात!"

कापलेल्या पोळ्याचं मेण राहीनं खोबरेल तेलात वितळवलं आणि मामाच्या भेगाळलेल्या टाचांना लावलं. मामाचे डोळे भरून आले.

तेवढ्यात आई उठून बसली. खोकला थांबला होता. राही धावत जवळ गेली. आता आई काय म्हणेल? पाणी मागेल? पेज मागेल?

आई हळूच म्हणाली, "राही, त्यांची लेकरं नीट आहेत ना गं?"

राही हसली आणि रडलीही. "हो गं आई, सगळी नीट आहेत."

तेव्हापासून त्या गावात कुणी पोळं पिळलं नाही. मामा तर स्वतः सोपटं घेऊन घरोघर शिकवायला जायचा. माश्यांच्या लेकरांना पंख फुटले, राहीची आई पुन्हा गाऊ लागली, आणि सगळी सुखानं नांदली.

चला, पांघरुणं ओढा बघू. डोळे मिटा, बाळांनो.