यशोधनचा नवा पासवर्ड

"मेलेला माणूस पासवर्ड बदलू शकतो का, बाबा?"

नूरशाह फकीर कबरस्तानामागच्या आपल्या खोपटाबाहेर सुपात मेथी निवडत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"तुला काय वाटतं?"

"शक्यच नाही. कचेरीतल्या सगळ्यांची कॉम्प्युटरवरची खाती माझ्या ताब्यात असतात. मला न विचारता तिथे पान हलत नाही."

निनाद पेडणेकर हे सांगताना ताठ झाला. अशा माणसांना वाटतं, आपण कुलूप घातलं की यमालाही आपली परवानगी लागते.

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

निनाद घुटमळला.

"वरून हुकूम आला, सगळ्यांचे पासवर्ड बदलून घ्या. मी सक्ती लावली. पुढच्या वेळी खातं उघडताना नवा पासवर्ड ठेवायचा, नाहीतर आत प्रवेश नाही. लोकांनी माझ्या नावाने बोटं मोडली, पण बदलले. संध्याकाळी बघतो तर... यशोधननेही बदललेला."

"कोण यशोधन?"

"माझा मित्र. शेजारच्या टेबलावर बसायचा. चैत्रात गेला. मी खांदा दिलाय त्याला."

मेथीची काडी फकिराच्या बोटांत थांबली.

"त्याचा जुना पासवर्ड कोणाला ठाऊक होता?"

"कोणाला म्हणजे... बाबा, ते..."

"बोल."

"मला. तो गेल्यावर मीच ठेवला होता. त्याच्या खात्यात रोज जायचो मी."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खोटं नाही. निनादने आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना, ते पाहून घेतलं.

"काय शोधत होतास?"

"शेवटी शेवटी आमचा अबोला होता, बाबा. तो आजारी होता, रात्रंदिवस खोकायचा आणि मी एकदाही गेलो नाही. त्याने माझ्याविषयी कोणाला काही लिहिलं का... मला माफ केलं का... एवढंच बघायचं होतं."

दया यावी असाच दिसत होता तो.

"मग आता?"

"आता मलाच आत जाता येत नाही. मी पुन्हा माझा पासवर्ड ठेवला. आत शिरायच्या आधीच बदललेला. पुन्हा ठेवला. पुन्हा बदललेला. कोणी चोर शिरला असेल, नाहीतर यशोधनच... तो मला का अडवतोय, बाबा? मी आहे, हे त्याला कळत नाही का?"

मेथीचं सूप उचलून फकीर खोपटात गेला आणि त्याने दार लोटून घेतलं. आतून कडी वाजली.

निनाद वाट पाहत उभा राहिला...

आत कोणीतरी खोकलं. फकीर तर एकटाच राहायचा.

निनादने दारावर थाप मारली. मग दोन्ही हातांनी मारली.

"बाबा! आत कोण आहे? दार उघडा... मी आहे, निनाद!"

"ठाऊक आहे, बेटा. म्हणून तर कडी लावली."