टिटवीचं अपील

तळ्यावरचे तंटे बगळा सोडवायचा, तेव्हाची गोष्ट. टिटवीने जिथे अंडी घातली, तीच जागा म्हशीला लोळायला हवी होती. सुनावणीला टिटवी आली नाही, म्हणून बगळ्याने जागा म्हशीला दिली.

टिटवीने अंड्यांवरूनच ओरडून वरच्या न्यायाधीशाकडे, म्हाताऱ्या कासवाकडे, अपील केलं. कासव तिच्यापाशी आलं.

“सुनावणीला का गेली नाहीस?”

“नवरा वारला, कासवदादा. मी उठले तर उन्हाने अंडी शिजतील.”

कासवाने बगळ्याला विचारलं, “हे तिला विचारलं होतंस?”

“आसन सोडून भर उन्हात जाऊ?”

“जागा कोणाची, ते मी ठरवत नाही. तुझा निकाल रद्द. पुन्हा ऐक, पण तिथे जाऊन.”

बगळा गेला. टिटवी म्हणाली, “आधी जरा सावली धरा. पाणी पिऊन येते, मग बोलते.”

बगळ्याने अंड्यांवर पंख पसरले.