डॉर्कसचा विस्तव

चूक सगळी ओबाडाया क्रेनची. वय वाढलं की अक्कल वाढते, असं त्याला उगाच वाटायचं.

अमेरिकेच्या किनाऱ्यावरची नवी वस्ती, पंधरा लाकडी घरं. काड्यापेटी नव्हती. चूल विझली की बाया शेजारणीकडून मडक्यात विस्तव आणायच्या, आणताना चार गप्पा मारायच्या. काय ऊब होती त्या दिवसांत!

पहिल्याच हिवाळ्यात वादळाने सगळ्या चुली विझवल्या. टिकली ती एकट्या डॉर्कसची, आणि तिच्याच विस्तवावर घरोघरच्या चुली पुन्हा पेटल्या.

आठवड्याभरात तिचा नवरा वारला. वस्तीचा म्होरक्या ओबाडाया याचा तिच्या ओढ्याकाठच्या जागेवर डोळा होता. भर सभेत तो म्हणाला, "एकट्या बाईला इथे जागा नाही. तुझं असेल तेवढं उचल आणि चालती हो."

"बरं, क्रेनसाहेब." डॉर्कसने मडकं पुढे केलं. "तुमच्या चुलीतला विस्तव माझा. तो सगळा यात भरा. मग बाकीच्यांच्या घरी जाते."

बाहेर बर्फ पडत होता.

"अहो, आवरा आता!" ओबाडायाची बायको ओरडली. "पोरं गारठून मरतील!"

डॉर्कस राहिली. ओबाडायाला जागा मिळाली नाही, आणि वसंतात त्याचं म्होरकेपणही गेलं.