चांदोबाच्या घरचं विरजण

एक होती येसू. भित्री म्हणजे किती भित्री, तर दूध उतू जाताना फस्स झालं तरी दोन पावलं मागे उडायची. आणि विचारल्याशिवाय काडी इकडची तिकडे करायची नाही.

"आई, चूल विझली. पेटवू का?"

"नको. तिला अंगाई म्हण," आई म्हणायची.

त्यांचं गाव डोंगराच्या पार टोकाला, इतकं उंच की चांदोबाचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. येसूची आई तरुणपणी त्याच घरी कामाला होती, बरं का. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि काम सुटलं. पण रोज संध्याकाळी दही लावताना ती विरजणाचं भांडं कपाळाला टेकवायची आणि पुटपुटायची, "मोठीआई, तुमचंच हं." मोठीआई म्हणजे चांदोबाची आई. येसूला या पुटपुटण्याचा भारी वैताग. म्हैस आपली, दूध आपलं, मग रोज हे तुमचंच काय?

मग एकदा चांदोबाच्या घरून निरोप आला, कामाला माणूस हवंय. आईनं येसूला भाकरी बांधून दिली आणि उंबऱ्यातच उपदेश सुरू केला.

"भरवसा ठेव, सारखं उकरून बघू नकोस. ज्याचं खाल्लंस त्याचं नाव घे. आणि कुणी सांगायची वाट बघत बसू नकोस, समोर दिसेल ते काम कर."

"ऐकलं गं."

"काय ऐकलंस?"

"भरवसा, नाव, काम. निघू का?"

"बघ, परत विचारतेस," म्हणत आईनं कपाळाला हात लावला.

चांदोबा दिवसा झोपायचा. तेवढ्यात मोठीआई ढगांच्या गाईंचं दही घुसळायची, लोणी काढायची आणि संध्याकाळी लेकाच्या अंगाला चोळायची. त्या लोण्यानंच तो उजळायचा. येसूकडे झाडलोट आणि भांडी.

"केर काढू का?" येसूनं विचारलं. मग, "काढलेला टाकू का?" मग, "कुठे टाकू?"

मोठीआईच्या हातातली रवी थांबली. "पोरी, तुझ्या आईनं तुला डोळे दिलेत की नाही? बघ आणि कर."

येसू दचकली. आईही हेच म्हणाली होती. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं. फळीवर एक चांदीचं भांडं होतं, काळं पडलेलं, तळाला काहीतरी चिकटलेलं, आंबूस वासाचं. येसूनं कुणालाही न विचारता राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि भांडं असं लख्ख घासलं की त्यात तोंड दिसावं.

संध्याकाळी मोठीआईनं दूध कोमट केलं, फळीकडे हात नेला आणि हात तसाच राहिला.

"यातलं विरजण कुठंय?"

"ते होय? घासलं."

मोठीआई मटकन खाली बसली. "चांदोबाच्या बारशापासूनचं विरजण होतं गं ते. आजच्या दह्यातलं चमचाभर ठेवायचं, उद्याच्या दुधाला लावायचं, कधी खंड नाही. आता दही नाही की लोणी नाही. हा उरलेला लोण्याचा गोळा संपला की माझं लेकरू विझलं म्हणून समज."

येसूला रडू फुटलं. पण रडून काही दही लागत नाही. मग तिनं दुधात लिंबू पिळलं. दूध फाटलं, आणि त्या गुठळ्या चोळल्यावर चांदोबाच्या अंगावर डाग उठले. ते अजून गेलेले नाहीत, उद्या नीट बघा. मग तिनं दुधात मिरचीचे देठ टाकले. दही लागलं, पण लोणी चोळल्याबरोबर चांदोबा लालबुंद झाला आणि आग आग करत ढगात शिरला.

"आता कशाला हात लावू नकोस," मोठीआई म्हणाली.

"तुम्हीच म्हणालात, बघ आणि कर," येसू वैतागून पुटपुटली.

"त्यात 'बघ' आधी म्हणाले होते."

चांदोबा बारीक होत होत नखाएवढा उरला. आणि तेव्हा येसूला आईचं पुटपुटणं आठवलं. मोठीआई, तुमचंच हं. म्हैस आपली, दूध आपलं, पण विरजण? विरजण या घरचं! येसू उठली आणि 'निघू का' न म्हणताच निघाली.

आई अंगणातच भेटली. "विरजण? तू गेल्यावर एकटीसाठी कोण दही लावतंय? संपलं ते."

येसू पायरीवर बसली.

"बसतेस काय? शेजारच्या ठमाकाकूला मीच दिलं होतं. जा, माग."

"तू चल ना. ती ओरडते गं."

"ओरडू दे. चांदोबा विझतोय ना?"

ठमाकाकूला तिचा कुत्रासुद्धा घाबरायचा. येसूनं कडी वाजवली आणि तिचा आवाजच बसला.

"काय गं, तोंडात दही लावलंय का? बोल."

"विरजण हवंय, काकू."

"एवढंच? चेहरा तर असा, मला वाटलं कुणी गेलं. तुझ्या आईनंच दिलेलं आहे ते. वाटी आणलीस? नाही. डोकं आणलंस?" असं म्हणत काकूनं स्वतःचीच वाटी भरून दिली.

मग येसूनं वर जाऊन दूध कोमट केलं, विरजण लावलं आणि झाकण ठेवलं. हलवलं की दही मोडतं, हे तिला ठाऊक होतं. तरी हात झाकणाकडे गेला. पुन्हा गेला. शेवटी ती हातांवरच बसली.

मोठीआई दोनदा फेरी मारून गेली. मग हळूच म्हणाली, "येसू, बघू का गं जरासं?"

"नको," येसू म्हणाली. "भरवसा ठेवा."

दुसऱ्या दिवशी दही असं लागलं, सुरीनं कापावं. लोणी आलं, आणि चांदोबा रोज थोडा थोडा भरत गेला. अजूनही कधी लोणी कमी पडतं, मग तो बारीक होतो. पण विरजण संपत नाही.

"हे बघ, भांडं घासायच्या आधी..." मोठीआईनं सुरुवात केली.

"चमचाभर काढून ठेवलंय," येसू म्हणाली. मग तिनं ते कपाळाला टेकवलं. "ठमाकाकू, तुमचंच हं."

"ही ठमाकाकू कोण?"

"आहे एक. ओरडते फार."

मग चांदोबा आपल्या वाटेला लागला, येसू आपल्या कामाला लागली आणि सगळी सुखात राहिली. आता तुम्हीही डोळ्यांवर झाकण ठेवा. आणि सकाळपर्यंत उकरून बघायचं नाही.