धोंडाक्काच्या घोंगडीला कड नाही

आज जे म्हातारे आहेत, ते ज्यांच्या मांडीवर खेळले, ती माणसं रांगत होती तेव्हाची ही गोष्ट. लोणारमाळ नावाच्या गावात धोंडाक्का सणगर राहायची. सणगर म्हणजे घोंगड्या विणणारे. नवरा गेल्यावर भावकीनं तिला सांगितलं, बाईनं मागाच्या खड्ड्यात पाय सोडू नयेत. तिनं त्याच दिवशी पाय सोडले, आणि पुन्हा कुणाच्या सांगण्यावरून वर काढले नाहीत. तिची घोंगडी पावसाला दाद द्यायची नाही आणि ती माणसाला, असं म्हणतात.

तिच्या घराची आणि शाळेची भिंत एकच होती. शाळेत गावातली मुलं गोणपाटावर बसत. गावकुसाबाहेरची मुलं अंगणात बसत, उन्हात, दगडावर. त्यांनी खिडकीतून ऐकायचं, पण तोंड उघडायचं नाही. हा नियम कुणी केला ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मोडला तर काय होतं, ते मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

अंगणातल्या मुलांत तानी होती. तिचा बाप रामा गावाची दवंडी पिटायचा. बापाचा आवाज पोरीनं घेतला होता. एके दिवशी गुरुजींनी बेलफळ हातात धरलं आणि सांगितलं, आपली पृथ्वी अशी गोल आहे. तानी दगडावरून उठली आणि तिनं विचारलं,

"गुरुजी, बेलफळाला कड न्हाई. मग आमी बसतो ती भाईरची कड कुठनं आली?"

आतली मुलं हसली. गुरुजींना उत्तर येत होतं. ते त्यांच्या ओठापर्यंत आलं होतं. पण खिडकीतून समोरची चावडी दिसत होती, आणि चावडीवर सुभानराव पाटील बसले होते. गुरुजींनी उत्तर गिळलं.

दिवस मावळायच्या आत चावडीवरून हुकूम सुटला. तानीनं शाळेच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही. पोरीनं पाटी उराशी धरली आणि झोपडीच्या दारात जाऊन बसली. तिचं बोलणं त्या दिवशी बंद झालं. आई बोलायला गेली, बाप बोलायला गेला, पोरगी नुसती बघायची. तिच्या गळ्यात तो प्रश्न अडकला होता, आणि तो सुटल्याशिवाय दुसरा शब्द बाहेर येणार नव्हता, असं म्हणतात.

भिंतीपलीकडे धोंडाक्कानं सगळं ऐकलं होतं. तिच्या मागावरचा धोटा चालता चालता थांबला. ती तशीच उठून चावडीवर गेली आणि पाटलांना म्हणाली की पोरीनं चोरी केली नाही, शिवी दिली नाही, तिला उत्तर द्या नाहीतर येत नाही म्हणून सांगा. पाटील पान लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"अक्का, तू घोंगडी वीण. बिरोबाची जत्रा आलीया. शाळा आमी बघतो."

"बरं," धोंडाक्का म्हणाली. "विणते."

लोणारमाळची रीत अशी होती. दर जत्रेला बिरोबाच्या बैठकीसाठी नवी काळी घोंगडी विणायची. ती अंथरल्याशिवाय पालखी उठत नसे. तर धोंडाक्का घरोघर फिरली आणि प्रत्येकाकडून मूठभर लोकर मागितली. पाटलांच्या वाड्यातून घेतली, धनगरांच्या वाड्यावरून घेतली. मग ती गावकूस ओलांडून पलीकडे गेली आणि झोपडीझोपडीतूनही मूठ मूठ घेतली. रामाच्या दारात तानी बसली होती. तिनं आपल्या शेळीच्या पाठीवरचे चार केस उपटून दिले. धोंडाक्कानं तेही ओच्यात घातले.

गावात बोंबाबोंब झाली. देवाच्या घोंगडीला त्यांची लोकर? पाटलांना जत्रा अडायला नको होती. दुसरा माग पंचक्रोशीत नव्हता. त्यांनी पुजाऱ्याला बोलावून विचारलं. पुजारी म्हणाला, लोकरीला विटाळ नसतो, सोवळ्यालासुद्धा लोकरीची धाबळी चालते. मेंढरू काय जात विचारून चरतं? पाटलांना हायसं वाटलं. त्यांनी लगेच रामाकडून दवंडी पिटवली: लोकरीला विटाळ नाही हो, घोंगडीला विटाळ नाही, जो आड येईल त्याला जत्रेत मान नाही हो.

धोंडाक्का मागावर बसून हसली. त्या गावानं तिला हसताना तेवढं एकदाच पाहिलं.

मग ती विणत राहिली. मुठी मुठींनी आणलेली लोकर सरायला हवी होती, ती सरेना. धाग्यांना लावायच्या चिंचोक्याच्या खळीचं मडकं आटेना. घोंगडी मागावरून उतरून घरात मावेना, तेव्हा ती गुंडाळी करत गेली आणि गुंडाळी आढ्याला लागली, असं म्हणतात.

जत्रेचा दिवस उजाडला. देवळात ढोल लागले; पालखी उठेपर्यंत शाळा भरलेली असायची. धोंडाक्कानं गुंडाळी खांद्यावर घेतली. चार बाप्यांना न हलणारं ओझं तिनं एकटीनं उचललं आणि देवळाकडं न वळता ती शाळेत शिरली. मुलांच्या बुडाखालची गोणपाटं तिनं ओढून काढली, फळ्यापाशी घोंगडीचं टोक ठेवलं आणि गुंडाळीला पायानं धक्का दिला. घोंगडी उलगडत निघाली. उंबरा ओलांडला, अंगणातले दगड झाकले, गावकूस चढून पलीकडे उतरली, आणि रामाच्या झोपडीच्या दारात तानीच्या पायाशी जाऊन थांबली. एकसंध, मध्ये कुठं शिवण नाही.

तानी पाटी घेऊन उठली आणि घोंगडीवरून चालत शाळेत आली.

पाटील देवळातून धावत आले. मागोमाग अख्खी जत्रा आली. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. धोंडाक्का रामाकडं वळली.

"रामा, परवाची दवंडी पुन्यांदा दे."

रामानं पाटलांकडं बघितलं, मग फळ्यासमोर बसलेल्या लेकीकडं बघितलं. मग त्यानं डफावर टिपरी मारली आणि म्हणाला, लोकरीला विटाळ नाही हो, घोंगडीला विटाळ नाही, जो आड येईल त्याला जत्रेत मान नाही हो. शब्द पाटलांचे होते. एकही त्यानं पदरचा घातला नव्हता.

पाटलांनी मेंढरं भादरायची कातर मागवली आणि उंबऱ्यावर घोंगडी कापायला सांगितली. कातर चालली, पण जिथं कापावं तिथं धागे पुन्हा एकमेकांत जात. शेवटी कातरीचं पातंच मोडलं. कुणी म्हणतं बिरोबानं केलं. कुणी म्हणतं, कापणाऱ्याचाच हात चालला नाही, कारण त्याच्याही घरची मूठ त्या घोंगडीत होती.

"अगं, मग देव कशावर बसंल?" पुजारी रडकुंडीला आला.

"यिऊ दे की हितं," धोंडाक्का म्हणाली. "पोरं सरकून जागा देतील."

पाटलांचा नातू मल्हारी तिथंच बसला होता. तो खरंच सरकला, आणि तानीला शेजारी जागा झाली.

मग धोंडाक्का गुरुजींसमोर उभी राहिली आणि म्हणाली, पोरीचा प्रश्न राहिलाय. गुरुजींनी एकदा खिडकीकडं बघितलं. चावडी रिकामी होती. सगळी चावडी शाळेच्या दारात उभी होती. त्यांनी बेलफळ उचललं.

"कड नाही, तानी," ते म्हणाले. "कुठंच नाही. ती आम्ही आखली. आणि त्या दिवशी मी भ्यालो."

तानीनं मोठा श्वास घेतला आणि विचारलं, "मग पुसायची कशी?"

तिचा आवाज परत आला होता. मल्हारीनं दुसरं काही विचारलं, अंगणातल्या एकानं तिसरं, आणि शाळा प्रश्नांनी अशी गजबजली की ढोल ऐकू येईनात. त्या साली पालखी देवळातून उठली ती भोयांच्या इच्छेविरुद्ध शाळेकडं वळली आणि घोंगडीवर मुलांच्या मध्ये टेकली, असं म्हणतात.

सगळं तिथंच मिटलं असं मात्र कुणी सांगू नये. पाटलांनी मान तुकवली नाही. धोंडाक्काकडून पुढं कित्येकांनी घोंगडी घेतली नाही, आणि तिनंही कुणाची मनधरणी केली नाही. पुढं एका साली मोठ्या माणसांनी घोंगडी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि गोणपाटं परत आणली. तर गावातली, गावाबाहेरची सगळी मुलं तोंड मिटून बसली. हजेरीला 'हजर' म्हणेनात. घरी जेवा म्हटलं तरी बोलेनात. घोंगडी खाली आली तेव्हा तोंडं उघडली.

धोंडाक्कानं त्या घोंगडीच्या शेवटच्या टोकाला गाठी मारल्या नव्हत्या. धागे तसेच मोकळे सोडले होते. पुढं विणायला लागलं तर असावेत, एवढंच ती म्हणायची.

आता लोणारमाळच्या शाळेत बाकं आहेत. तरी शाळा सुरू व्हायच्या दिवशी बाकं भिंतीला लावतात आणि घोंगडी अंथरतात. गावात नवं आलेलं जे घर असेल, ऊसतोडीचं, वीटभट्टीचं, पालातलं, त्या घरची मूठभर लोकर मोकळ्या टोकाला विणली जाते. लोकर नसेल तर चार धागे चालतात. पहिला प्रश्न त्या घरच्या मुलानं विचारायचा, आणि गुरुजींनी उत्तर द्यायचं किंवा येत नाही म्हणून उभं राहून सांगायचं. गिळायचं नाही.

आणि त्याच्याही आधी सगळी मुलं दाराकडं तोंड करून एका सुरात विचारतात, "भाईर कोण ऱ्हायलं?"

गावाकडून कुणीतरी 'कुणी न्हाई' असं ओरडून सांगेपर्यंत शाळा सुरू होत नाही.