हिराशेठचा ताठ काटा

गाड्यांच्या डॅशबोर्डवर इशाऱ्याच्या दिव्यांऐवजी काटे असायचे, तेव्हाची गोष्ट. ओतूरच्या यमुनाबाई आपली जुनी पिकअप देऊन दुसरी घ्यायला जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या हिराशेठकडे गेल्या. शेठनं आत डोकावून नाक मुरडलं.

"गाडी नुसती उभी चालू ठेवली की ऑइल प्रेशरचा काटा खाली बसतोय. इंजिन संपलंय, बाई."

यमुनाबाईंना आपले वारलेले मालक आठवले. माळशेज घाट चढून आल्यावर ते गाडी बाजूला घ्यायचे आणि काटा बसला की म्हणायचे, "तापलं की तेल पातळ होतं. दम खाऊ दे तिला." मग अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला की काटा हसत उठायचा.

"आता ही बघा," शेठनं दुसरी पिकअप सुरू केली. "काटा जागचा हलत नाही."

बाईंनी वाकून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. तेलाला दाब उरला नाही, तरी शेठनं चिकटवलेला काटा ताठच.

"शेठ, आमची दमली की बसते आणि हाक मारली की उठते," बाई म्हणाल्या. "तुमची मेल्यावरसुद्धा उभीच आहे."

जुन्या गाडीत बसून त्यांनी स्टार्टर मारला, तसा मालकांच्या गाडीचा काटा उठून उभा राहिला.