चौकटीत उभा राहिलेला बिशप

ऐका मंडळी. फार फार वर्षांपूर्वी, जहाजं वाऱ्याच्या आणि वल्ह्यांच्या जोरावर चालायची तेव्हा, तिवरबेटाच्या किनाऱ्यावर इराणातून एक संन्यासी उतरला. त्याचं नाव हनान. अंगाने काडी, डोळ्यांनी अधू, पण विद्येने दर्याएवढा. तो कोळ्यांत राहिला, त्यांची बोली शिकला, क्रुसाचं देऊळ बांधून बसला आणि पुढे बिशप झाला. तरी त्याचा जीव अडकला होता एका ग्रंथात. देवाने माणूस का घडवला, यावर तो तरुणपणापासून ताडपत्रांवर लिहीत होता. देवळामागच्या झोपडीत त्या पानांची चळत छपराला टेकली होती, असं म्हणतात.

एका सकाळी ओहोटी लागली आणि खाडीत एक जहाज अडकलं. त्यावर वल्ही मारायला साखळीने बांधलेले गुलाम होते. ते सगळे साखळ्या तोडून पळाले आणि चिखलात कमरेपर्यंत रुतले. त्यांचा आकांत हनानने ऐकला. त्याने कोळ्यांना हाका मारल्या, देवळाचं दार उखडलं, चिखलावर आडवं टाकलं आणि एकेकाला ओढून देवळात नेलं. दार चिखलाने गिळलं.

मागोमाग जहाजाचा नाखवा तलवारवाले घेऊन आला. हनान रिकाम्या चौकटीत उभा राहिला, दोन्ही हात दोन्ही बाजूंना टेकवून.

"बाजूला हो, म्हाताऱ्या. माझा माल आत आहे."

"आत माल नाही. माणसं आहेत."

धिप्पाड गड्यांनी त्याला ढकललं, पण ताडाच्या खोडाला धडका द्याव्यात तसे तेच दमले, असं म्हणतात.

मग नाखव्याने मशाल पेटवून देवळामागच्या झोपडीकडे रोखली. "माणसं दे, नाहीतर तुझ्या पोथ्या जाळतो."

हनानचा चेहरा उतरला. क्षणभर त्याचे हात चौकटीवरून सुटले. मग त्याने ती पुन्हा घट्ट धरली.

"जाळ!" तो गरजला. "पोथीची नक्कल करता येते. माणसाची नाही येत."

झोपडी पेटली. पानं तडतडू लागली. वेसूबाय कोळीण रडत ओरडली, "बाबा, मागं बघा, सगळं गेलं हो!"

बाबाने मान वळवली नाही.

आणि वारा फिरला. जळती पानं पाखरांच्या थव्यासारखी उठली, माडांवरून उडत थेट जहाजावर उतरली. एका झावळीलाही झळ लागली नाही, शिडं मात्र भडकली, असं म्हणतात. भरती आली ती कोळसे घेऊन. नाखवा परत गेला तो पुढच्या ओहोटीला, खाडी तुडवत पायी.

सुटलेले लोक तिवरबेटालाच राहिले. हनानने ग्रंथ पुन्हा लिहायला घेतला नाही. कुणी विचारलं, की पंगतीत जेवणाऱ्या त्या माणसांकडे बोट दाखवून म्हणायचा, "लिहून झाला."

आजही त्या देवळाला चौकट आहे, दार नाही. बाबाच्या सणाला गावातले बाया-पुरुष पाळीपाळीने तिथे हात टेकवून उभे राहतात. कुणी धापा टाकत आला आणि "आत घ्या" म्हणाला, तर उभं असलेलं माणूस हात खाली घेतं. नाव-गाव विचारत नाही. त्याच्या मागावर येणाऱ्याला मात्र तो हात पुन्हा वर गेलेला दिसतो.